पाटीचं दुसरं बारसं

आमच्या नाक्यावरचं तात्यांचं वड्यांचं दुकान गेल्या महिन्यात नाहीसं झालं. म्हणजे दुकान होतं तिथंच होतं. कढई होती, कढईमागे तात्या होते, तात्यांच्या खांद्यावरचा पंचासुद्धा होता. गेली होती ती पाटी. देवाच्या नावाची, धुरानं तपकिरी झालेली, खाली लिंबू-मिरची लोंबणारी. तिच्या जागी काळ्या ॲक्रिलिकवर पाच इंग्रजी अक्षरं उगवली होती आणि त्यांत औषधालाही स्वर नव्हता.

तात्यांचा धाकटा नुकताच एमबीए होऊन आलाय. हे बारसं त्याचंच.

"स्वर कुठं गेले रे?" मी विचारलं.

"काका, स्वर हल्ली कुणी वापरत नाही."

मी निव्वळ स्वरांतच उत्तर दिलं. "आँ?"

खरी गंमत पुढं झाली. आपल्या राज्यात मार्च २०२२च्या कायदादुरुस्तीनं दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची केली आहे. अक्षरं देवनागरी हवीत आणि दुसऱ्या लिपीपेक्षा बारीक नकोत. तेव्हा ती पाच व्यंजनं देवनागरीत उतरवणं आलं. रंगाऱ्यानं आधी जोडाक्षर करून पाहिलं. ते एवढं उंच गेलं की पाटीवर दहीहंडीचे थर लागल्यासारखे दिसू लागले. शेवटी त्यानं ब्रश कानामागे खोचला आणि विचारलं, "शेठ, किती जणांचे पाय मोडू?" पाचांपैकी चौघांचे मोडले. लंगडत का होईना, नाव पाटीवर उभं राहिलं.

"पण बदललं कशाला?" मी तात्यांना गाठलं.

"गिऱ्हाईक कमी झालंय हो. पोरगं म्हणतं, ब्रँड थकलाय."

मी कढईत डोकावलो. थकलं होतं ते तेल. तळणीच्या तेलात ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांच्या वर गेली की ते तेल टाकून द्यायचं, असा अन्नसुरक्षेचा नियम १ जुलै २०१८पासून लागू आहे. तात्यांच्या तेलानं तो नियम येताना पाहिला असावा. शिवाय पुडीतली हिरवी चटणी वर्षभरापूर्वी निवृत्त झालेली, आणि दुकान कुठल्या वारी बंद राहील हे तात्यांच्या गुडघ्यावर अवलंबून. नाचता येईना अंगण वाकडं, हे पूर्वी नाचणारा म्हणायचा. आता त्याचा सल्लागार म्हणतो, आणि अंगणाला नवा लोगो काढून देतो.

मोठ्यांनी हे खेळ करून पाहिलेत. २००९ साली अमेरिकेत ट्रॉपिकानानं संत्र्यात खुपसलेली नळी खोक्यावरून काढून तिथं रसाचा पेला छापला. लोकांना दुकानात आपलं खोकंच सापडेना. दोन महिन्यांच्या आत कंपनीनं जुनं चित्र परत आणायचं ठरवलं. गॅपनं २०१० साली नवा लोगो आणला आणि आठवडाभरात मागं घेतला. त्यांना परवडतं. तात्यांनी असा आठवडा काढला तर पुढच्या आठवड्यात त्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकायला येतील.

शिवाय पाटी रंगवून भागत नाही. जीएसटीत व्यापारी नाव बदललं की पंधरा दिवसांत कळवायचं. गुमास्ता, खाद्य परवाना, बँक, सगळीकडं तेच. तात्यांच्या गल्ल्यावरचा क्यूआर स्कॅन केला की अजून त्यांचं आधार कार्डावरचं तिपेडी नाव उगवतं. गिऱ्हाईक पाच व्यंजनांना पैसे पाठवायला जातं आणि ते भलत्याच गृहस्थाला गेले म्हणून घाबरतं.

मग नाव कधीच बदलू नये का? बदलावं की! आपल्याकडं लग्नात ताटभर तांदळावर अंगठीनं मुलीचं नवं नाव लिहायची रीत जुनीच आहे. फक्त मुहूर्त पाहावा. माझ्या पंचांगात तो तीनदा निघतो.

पहिला, नाव खोटं बोलू लागलं की. आमच्याकडं 'एसटीडी-पीसीओ' असं लिहिलेल्या दुकानात पाणीपुरी मिळते. 'ब्रदर्स' लिहिलेल्या एका पेढीतले ब्रदर्स फक्त कोर्टात भेटतात. 'अँड सन्स'मधला सन न्यू जर्सीत आहे आणि वडिलांना दुकान विका म्हणतोय. असल्या पाट्या खुशाल उतरवाव्यात. गंमत अशी की नेमक्या याच पाट्या कुणी उतरवत नाही.

दुसरा, नाव मुळात दुसऱ्याचं असलं की. छोट्या धंद्याला ट्रेडमार्कचा ऑनलाइन अर्ज एका वर्गासाठी साडेचार हजारांत होतो आणि नोंदणी दहा वर्षं चालते. तेवढे न भरता शेजारच्या गावातल्या नामांकित दुकानाचं नाव लावलं, तर वकील त्याहून जास्त घेतो. कधी कधी मात्र सक्तीचं बारसंही फळतं. अँडरसन कन्सल्टिंगला लवादाच्या निकालानंतर जुनं नाव सोडावं लागलं आणि १ जानेवारी २००१ला ती ॲक्सेंचर झाली. पुढच्याच वर्षी, ज्या एन्रॉनला आपण दाभोळपासून ओळखतो, तिच्या हिशेबांपायी ॲक्सेंचरच्या जुन्या भावकीतल्या आर्थर अँडरसनचं नाव बुडालं. ॲक्सेंचर काठावर कोरडी उभी!

तिसरा मुहूर्त सगळ्यांत पक्का. गिऱ्हाइकांनी आधीच नाव बदललेलं असतं, आपण फक्त रंगवायचं. १९९५ साली सरकारनं बॉम्बेची मुंबई केली तेव्हा मराठी माणसाला नवं काही शिकावं लागलं नाही. तो पहिल्यापासून मुंबईच म्हणत होता. पाटी मागून आली.

तात्यांच्या दुकानालाही असं नाव आहे, हे परवा कळलं. जेवण पोहोचवणारा एक पोरगा दुकानासमोर उभा राहून दुकान शोधत होता. फोनमधलं नाव वाचायचा त्यानं तीनदा प्रयत्न केला, तिसऱ्यांदा त्याला ठसका लागला. शेवटी त्यानं दुकानाला फोन लावला. आतून धाकट्यानं नाव सांगितलं. मग अक्षरं सुटी करून सांगितली. मग काळी पाटी, राखाडी रेघ, मिनिमल डिझाइन, असंही सांगून पाहिलं. वडे निवत चालले.

"अरे, चिंचेखालचा वडा!" धाकटा अखेर ओरडला.

"मग असं बोला ना," म्हणत पोरगा वळला आणि दोन पावलांत आत आला.

चिंच रस्तारुंदीत जाऊन बारा वर्षं झाली. आणि देवाचं नाव असलेली ती जुनी पाटी? पस्तीस वर्षांत तीही कुणी वाचली नव्हती.

पोरगा पुडा घेऊन गेला. पुड्यावर पाच व्यंजनं छापली होती. त्यांतली दोन तेलानं केव्हाच पुसली गेली होती.