पाल्यास नाचाचा क्लास लावण्याची रीत

सर्वप्रथम पाल्याला नाचाची आवड आहे की नाही, याची खात्री करून घ्यावी. हे सोपे असते. गणपतीच्या मिरवणुकीत ढोल वाजला की जे मूल उड्या मारते, त्याला आवड आहे. जे मारत नाही ते लाजाळू आहे आणि लाजाळू मुलांना क्लास लावला की धीटपणा येतो. म्हणजे क्लास लावायचाच, हे ठरले. खुद्द पाल्याला विचारू नये. त्याला पोहायला जायचे असते.

त्यानंतर क्लास कुठला, हा प्रश्न. जो घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे तो सर्वोत्तम. हा निकष हसण्यावारी नेऊ नये. पुण्यात संध्याकाळी साडेसहाला सदाशिव पेठेत गाडी लावायला जागा शोधून पाहावी, म्हणजे कलेच्या मार्गात अडथळे का येतात ते कळते. माझ्या मते या शहरातली निम्मी नृत्यसाधना गुरूअभावी नव्हे, पार्किंगअभावी सुटते.

शैलीची निवड पुण्यात फारशी करावी लागत नाही. रोहिणी भाटे यांनी 1947 साली इथे ‘नृत्यभारती’ काढली. पुढे त्यांच्या शिष्या आणि शिष्यांच्या शिष्या यांनी शहरात कथक इतके मुरवले की दोन-चार गल्ल्या ओलांडल्या की कुठून तरी तत्काराचा आवाज येतोच. तिथे जाऊन ‘आपले घराणे कोणते?’ असे गंभीर चेहऱ्याने विचारावे. उत्तर लखनौ, जयपूर किंवा बनारस यांपैकी काहीही आले तरी ‘अच्छा, म्हणजे चांगलंच’ एवढेच म्हणावे. पुढचा प्रश्न विचारायला गेल्यास आपले अज्ञान उघडे पडते.

भरतनाट्यम लावायचे असल्यास घरातून ‘ते तिकडचं, दक्षिणेतलं’ अशी हरकत येईल. त्यावर तंजावरचा उतारा आहे. ज्या चार भावांनी, म्हणजे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू यांनी, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंतचा आजचा क्रम बसवला, ते तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या दरबारातले. राजे भोसले घराण्यातले. त्यांनी या नाचासाठी मराठीत निरूपणे रचली आणि मुंबईच्या आचार्य पार्वतीकुमारांनी त्यांचा अभ्यास करून ती पुन्हा रंगमंचावर आणली. एवढे ऐकल्यावर आजी ‘मग आपलंच की!’ म्हणतात आणि साडी कुठली लागेल ते विचारतात. विरोध मावळला, असे समजावे.

एकाच पाटीवर बॉलीवुड, हिप-हॉप, कंटेम्पररी, सेमी-क्लासिकल, झुंबा आणि उन्हाळी शिबिर असेल, तर या सर्व विद्या एकच सर शिकवतात, हे ध्यानात ठेवावे. सर उत्साही असतात. गॅदरिंगपुरते काम भागते.

पाल्य मुलगा असल्यास नातेवाईक क्षणभर गप्प बसतात, मग ‘कराटे नाही का लावलंत?’ म्हणतात. त्यांना बिरजू महाराज आणि गोपीकृष्ण ही नावे सांगावीत. ती पुरली नाहीत, तर 1955 सालच्या ‘झनक झनक पायल बाजे’चा नायक गोपीकृष्णच होते आणि चित्रपट आपल्या कोल्हापूरच्या शांतारामबापूंचा होता, असे सांगून विषय सिनेमाकडे वळवावा. शांतारामबापूंविषयी प्रत्येक काकांना बोलायचे असते.

आता ट्रायल क्लास. तिथे पुढील गोष्टी निरखून पाहाव्यात: आरसा भिंतभर आहे का, एसी चालतो का, भिंतीवरच्या फोटोंत ताईंच्या शेजारी कोण कोण उभे आहे. टीव्हीवरचा एखादा चेहरा ओळखू आला की फीचा आकडा थोडा कमी बोचतो.

मात्र काही गोष्टी मुळीच पाहू नयेत, कारण त्या पाहिल्यास निर्णय बदलावा लागतो. पहिली, जमीन. पाहायचीच असेल तर चप्पल काढून एकदा टाच आपटावी. सिमेंटच्या स्लॅबवर बसवलेली गुळगुळीत लादी असेल, तर ठोका थेट गुडघ्यापर्यंत येतो. कथकमध्ये अख्खा तळवा जमिनीवर मारायचा असतो, तोही तासातून शेकडो वेळा. भरतनाट्यमचे अडवू अर्धे बसून, गुडघे बाहेर वळवून करतात, म्हणजे तिथेही सुटका नाही. खाली थोडी पोकळी सोडून बसवलेली लाकडी जमीन पायाला सांभाळून घेते. पण ती महाग पडते आणि फोटोत लादीच जास्त चकचकीत दिसते.

दुसरी, शेवटची रांग. पहिल्या रांगेतल्या मुली कुठल्याही क्लासात चांगल्याच नाचतात. त्यांना त्यासाठीच पुढे उभे केलेले असते. मागे पाहिले की शिकवणे दिसते. ‘ता थेई थेई तत, आ थेई थेई तत’ हे कुणालाही येईल असे वाटते. उजवा, डावा, उजवा, डावा. पण पहिल्या ‘तत’ला डावा पडला की लगेच ‘आ’लाही डावाच मारायचा असतो. सहा वर्षांचे मूल तिथे हटकून उजवा टाकते. कारण चालताना आपण तसेच चालतो. मग पुढची ओळ उलटी आणि हे मूल सुलटे, असे तालाच्या शेवटापर्यंत चालू राहते. चांगल्या ताई हे ऐकून ओळखतात, पाहावे लागत नाही. त्या तबल्याचे ॲप बंद करतात, मागे येऊन त्या मुलाच्या शेजारी उभ्या राहतात आणि तेवढी जोडाची जागा टाळी देत सावकाश करून घेतात, पाय आपोआप पडेपर्यंत. बाकीचा वर्ग तोवर थांबतो. ज्या क्लासात हे घडत नाही तिथे तीन वर्षांनीही त्या मुलाचा उजवाच पडत असतो, फक्त आता त्याच्या पायात घुंगरू असतात आणि चूक दूरवर ऐकू जाते.

घुंगरांची घाई पालकांना असते. पहिल्याच महिन्यात ‘शंभराचे आणू का?’ असे विचारण्याची प्रथा आहे. कथकचे घुंगरू दोरीत एकेक ओवून मध्ये गाठी मारलेले असतात आणि नवख्या पायाला थोडेच बांधतात; पाय तयार होईल तशी संख्या वाढवतात. शंभरांचे वजन घेऊन लहान मूल ताल धरत नाही, पाय ओढते. हे ताईंनी सांगितल्यावर ‘बघू’ म्हणावे आणि शंभराचेच आणावेत. शोकेसमध्ये ते छान दिसतात.

परीक्षांचे गणित मात्र आधीच मांडून ठेवावे. गांधर्व महाविद्यालय मंडळाची शिडी अशी: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि ज्याचा दम टिकला त्याला अलंकार. शास्त्रीय नृत्याच्या परीक्षा दिल्या असतील तर दहावीला वाढीव गुण मिळतात. त्यामुळे कागद घेऊन दहावीपासून उलटे मोजत यावे आणि पाल्य आज कितव्या परीक्षेला असायला हवे होते ते काढावे. बहुधा ते आजच मागे पडलेले असते. लग्नकार्यात मुलीला भेटणारे पाहुणेही ‘आता काय शिकतेस?’ असे विचारत नाहीत, ‘कितवी परीक्षा झाली?’ असे विचारतात. तेव्हा तयारी असावी.

फी तिमाही भरावी. वर्षाची एकदम भरल्यास सूट मिळते, पण जूनमधला उत्साह दिवाळीची सुट्टी ओलांडतो की नाही, ते आधी पाहावे.

घरी रियाज करताना खालच्या मजल्यावरून तक्रार येते. सतरंजी अंथरून उपयोग होत नाही, घुंगरांचा आवाज कमी झाला तरी टाचेचा जातोच. यावर उपाय एकच. खालच्या काकांच्या नातीलाही त्याच क्लासात घालावे. तक्रार बंद होते, आणायला-सोडायला पाळी लावता येते आणि पार्किंग काका शोधतात.