हटमीमांसा : श्टुबाय खोऱ्यातील पाट्या, सपाता आणि घोरणे यांविषयी एक अल्प प्रबंध

विषय, अधिकारी, प्रयोजन

आल्प्स पर्वतावर आजवर जे लिहिले गेले, त्यातला सिंहाचा वाटा शिखरांनी खाल्ला आहे. हे प्रमाण वास्तवाला धरून नाही. शिखरावर माणूस थांबतो किती? एक फोटो, दोन घोट पाणी, आणि ‘वारा फार आहे, उतरू या’ एवढे म्हणण्यापुरता. उरलेला सगळा वेळ तो पाट्या वाचणे, बूट काढणे, सपाता शोधणे आणि शेजाऱ्याचे घोरणे ऐकणे या चार कर्मांत घालवतो. या चारही विषयांत विद्वानांनी मौन पाळले आहे. ते मौन मोडणे हेच प्रस्तुत प्रबंधाचे प्रयोजन. उतारावर ज्याचे गुडघे बोलू लागले आहेत, असा कोणीही वाचक यास अधिकारी समजावा.

क्षेत्रनिर्णय

अभ्यासक्षेत्र म्हणून ऑस्ट्रियाच्या टिरोल प्रांतातील श्टुबाय खोरे निवडले आहे. इन्सब्रुक पाहून इटलीकडे निघालेला मराठी पर्यटक या खोऱ्याच्या तोंडावरून जातो, पण ते पाहत नाही. बस युरोपा पुलावर येते, गाईड पुलाची १९० मीटर उंची सांगतो, सगळे खाली डोकावतात आणि उजव्या हाताचे खोरे तेवढ्यात मागे पडते. ज्याला ते पाहायचेच आहे त्याने इन्सब्रुकहून १९०४ सालापासून धावणारी छोटी रेल्वे धरून फुल्पमेसला उतरावे. हे पिढीजात लोहारांचे गाव. गिर्यारोहकांच्या बर्फकुऱ्हाडी इथे घडतात. पुढे नॉयश्टिफ्ट. त्याच्या वर, खोऱ्याला घोड्याच्या नालासारखा वेढा घालून, आठ हट, म्हणजे गिर्यारोहकांची मुक्कामघरे, आणि त्यांना जोडणारी उंचावरची वाट आहे. सर्वोच्च शिखर त्सुकरह्युट्ल, ३५०७ मीटर. शिखरांचा उल्लेख येथे संपला.

पाटीप्रकरण

वाटेवरच्या पाट्या पिवळ्या असतात. त्यांवर मुक्कामाचे नाव असते, वाटेचा क्रमांक असतो, वाट मध्यम असल्यास लाल ठिपका आणि अवघड असल्यास काळा ठिपका असतो. अंतर मात्र नसते. असतो तो वेळ. ‘पुढचा हट : साडेतीन तास.’

येथे पूर्वपक्ष असा प्रश्न विचारतो की हे साडेतीन तास नक्की कोणाचे? सह्याद्रीत हा प्रश्न उद्भवत नाही. तिथे वाटेत भेटलेले बाबा ‘हे काय, इथंच!’ म्हणतात आणि ते बाबांचे स्वतःचे अंतर असते हे सर्वांना ठाऊक असते. श्टुबायमध्ये मात्र उत्तर गणिताने मिळते. जर्मन मानक क्रमांक ३३४६६ सांगते की तासाला चढ ३०० मीटर, उतार ५०० मीटर, सपाटीवर ४ किलोमीटर. चढउताराचा वेळ वेगळा काढावा, आडव्या चालीचा वेगळा. दोहोंत जो मोठा तो पूर्ण घ्यावा, लहान तो निम्मा करून त्यात मिळवावा. म्हणजे ६०० मीटर चढ आणि ४ किलोमीटर चाल असेल तर दोन तास अधिक एक तासाचे अर्धे, एकूण अडीच तास. विश्रांती यात धरलेली नाही.

या शेवटच्या वाक्यातून एका अद्भुत व्यक्तीचा जन्म होतो. तिला आपण ‘पाटीपुरुष’ म्हणू. पाटीपुरुष तहानत नाही. त्याच्या बुटाची नाडी सुटत नाही. तो गाईचा फोटो काढत नाही, आणि गाय वाटेत आडवी बसली तरी तिच्याशी वाटाघाटी करत नाही. सकाळी सात असो वा दुपारी दोन, तो तासाला ३०० मीटरच चढतो. खोऱ्यातला प्रत्येक जण दिवसभर या अदृश्य गृहस्थाशी शर्यत लावतो. त्याला पाच मिनिटांनी हरवणारा संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर ते सांगतो. त्याच्याकडून तासाभराने हरणारा म्हणतो, ‘आम्ही निसर्ग बघत आलो.’

नामप्रकरण

आठ हटांपैकी ब्रेमर हट २४१३ मीटरवर आहे. ब्रेमन हे उत्तर समुद्राजवळचे बंदराचे शहर. त्याच्या आसमंतात उंच म्हणावे असे काही असेल तर चर्चचे मनोरे. मग बंदराचे नाव डोंगरमाथ्यावर कसे चढले? शेजारी न्यूर्नबर्ग आहे, ड्रेस्डेन आहे, रेगन्सबुर्ग आहे. नकाशा पाहिला तर डोंगराचा की जर्मन रेल्वेचा, असा संशय यावा.

उत्तर असे. जर्मन आल्पाइन संघ १८६९ मध्ये म्युनिकला स्थापन झाला आणि १८७३ मध्ये ऑस्ट्रियाच्या संघाशी जोडला गेला. शहरोशहरी शाखा निघाल्या. प्रत्येक शाखेने आल्प्सचा एकेक तुकडा आपला मानला, तिथे वाटा आखल्या, हट बांधला आणि बहुधा त्याला आपल्या शहराचे नाव दिले. ड्रेस्डेनकरांनी १८७५ मध्येच बांधकाम उरकले. ज्या शहराला स्वतःचा डोंगर नाही, त्याच शहराला डोंगराची हौस सर्वांत जास्त, हा सिद्धांत येथे आपोआप सिद्ध होतो. पुणे-मुंबईकडे पाहता तो अन्यत्रही लागू पडावा.

एक ठळक अपवाद फ्रान्झ सेन यांचा. हे गृहस्थ पाद्री. आधी शेजारच्या खोऱ्यातील फेंट गावी असताना त्यांनी गरीब शेतकऱ्यांच्या हाताला काम मिळावे म्हणून वाटा करवल्या, वाटाडे तयार केले आणि या उद्योगात स्वतः कर्जबाजारी झाले. जर्मन संघाच्या संस्थापकांत ते एक. नॉयश्टिफ्टला पाद्री असताना १८८४ मध्ये ते वारले, आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचा हट उभा राहिला. हयातीत कर्ज आणि पश्चात इमारत, ही लोकसेवकांची वेतनश्रेणी तिथेही आहे.

संबोधनप्रकरण

जर्मन भाषेतही ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेद आहे आणि खाली शहरात तो कसोशीने पाळतात. पण हजार मीटरच्या वर सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात, असा डोंगरी संकेत आहे. आता नॉयश्टिफ्ट गाव हजार मीटरला जेमतेम कमी पडते. अर्थात चर्चपाशी ज्यांना ‘अहो न्यायाधीश महाराज’ म्हणायचे, त्यांना गावाबाहेरच्या पहिल्या चढावर ‘अरे, पाणी आहे का?’ म्हणता येते. नेमक्या कोणत्या पायरीवर आदर गळतो, आणि उतरताना तो परत घ्यायचा तो कुठे, याबाबत वाङ्मय अपुरे आहे.

सपाताप्रकरण

हा प्रबंधाचा गाभा. हटचा पहिला कायदा असा की बूट घालून झोपायच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. दारातून आत आले की बुटांची खोली लागते. ती ओलांडली की माणसाचा दर्जा, वय आणि पराक्रम यांचा लोप होतो आणि उरतात फक्त पाय. या पायांसाठी सपाता लागतात, आणि येथे दोन संप्रदाय पडतात.

स्वसपातावादी घरून सपाता आणतात. त्यांचे म्हणणे, दिवसभर पाठीवर पाव किलो जास्त वाहावे, पण संध्याकाळी परक्या घामात पाय घालू नये. परसपातावादी हटच्या फडताळावर विसंबतात. जिथे हटकडून सपाता मिळतात तिथे त्यांचे दर्शन मोठे बोधप्रद असते. फेल्टच्या, राखाडी, वर्षानुवर्षांच्या वापराने एकाच घाटाच्या झालेल्या. सहाच्या सुमारास आलेल्याच्या वाट्याला उरते ती सामान्यतः एक बेचाळीस आणि एक शेहेचाळीस, दोन्ही डाव्या. सहा फुटी इसम, ज्याने सकाळी साखळदंड धरून उभा कडा ओलांडला, तो त्या जोडीवर भिंत धरून स्वच्छतागृहाकडे निघतो. त्याच्या चेहऱ्यावर कड्यावर नव्हती तेवढी सावधता असते.

सपातांना लागूनच वाळवणाची खोली येते. दोऱ्यांवर मोजे, खुंट्यांवर रेनकोट, खाली बुटांची रांग आणि बुटांच्या जिभा बाहेर. वास सर्वांचा मिळून एक. मोजा आपला कोणता हे ओळखण्यासाठी प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे उपलब्ध आहेत. मोज्याच्या बाबतीत प्रत्यक्ष प्रमाण नाकाने घ्यावे लागते, म्हणून सुज्ञ लोक अनुमानावर भागवतात. सकाळी बूट अदलाबदल होतात ते या सुज्ञपणामुळे.

आहारप्रकरण

थोडक्यात सांगायचे तर सूप, मग डंपलिंग किंवा बटाटा, मग काहीतरी गोड. कायझरश्मार्न हा पदार्थ म्हणजे जाड गोड धिरडे तव्यातच फाडून, वर पिठीसाखर भुरभुरून, सोबत आलुबुखाराचे सार. सम्राटाच्या नावाचा पदार्थ फाडून वाढतात, यावर राज्यशास्त्रज्ञांनी विचार करावा. संघाच्या सभासदाला ‘गिर्यारोहकाचे जेवण’ सवलतीत मिळते आणि त्यात किमान ५०० किलोकॅलरी असल्याच पाहिजेत असा नियम आहे. कमाल मर्यादा दिलेली नाही. ही कायद्यातली पळवाट नसून कृपा आहे.

ड्रेस्डेनर हटशेजारी आता केबलकारचे स्थानक आहे. त्यामुळे एकाच टेबलावर चिखलाचे बूट बाहेर ठेवून आलेला पदयात्री आणि पांढऱ्या शुभ्र कॅनव्हासच्या बुटांत आलेला पाहुणा दोघेही तेच सफरचंदाचे स्ट्रूडेल खातात. पुण्य सारखे की कमीजास्त, या वादात पदयात्री एकटाच भाग घेतो. दुसऱ्याला वाद चालू असल्याची कल्पना नसते.

निद्राप्रकरण

स्वस्त जागा म्हणजे लागर, म्हणजेच लांबलचक माचा आणि त्यावर एकाला एक लागून गाद्या. पांघरूण हटचे, पण आत शिरायची पातळ पिशवी-चादर ज्याची त्याने आणायची, ही सक्ती. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता. हा नियम मनुष्याच्या इच्छेला लागू होतो, घशाला नाही.

घोरण्याचे तीन प्रकार आढळतात. विलंबित : खोल, नियमित, दोन गाद्यांपलीकडे सुसह्य. द्रुत : हे वरच्या माच्यावरून येते आणि थांबवावे असे वाटेपर्यंत कूस बदलल्याने आपोआप थांबते. तिसरा प्रकार समेवर न येणारा. यात घोरणारा मध्येच श्वास धरतो, आणि खोलीतले सगळे अनोळखी लोक अंधारात डोळे उघडे ठेवून पुढच्या आवाजाची वाट पाहतात. एवढे ऐक्य युरोपात अन्यत्र क्वचित दिसते.

यावर पहाटे चारला उठणारे हिमनदीवाले येतात. ते फार सभ्य असतात. कोणाची झोप मोडू नये म्हणून ते प्लास्टिकची पिशवी अत्यंत सावकाश उघडतात, त्यामुळे एरवी दोन सेकंदांत संपणारा आवाज चार मिनिटे चालतो.

सिद्धांत

आता उत्तरपक्ष. या क्षुल्लक गोष्टींवर एवढे नियम कशाला, असे कोणी विचारील. हटच्या नोंदवहीत नाव लिहिताना एक रकाना येतो : उद्या कुठे? दमलेला माणूस तो कंटाळून भरतो. पण कोणी परतला नाही, तर शोधणारे आधी हीच वही उघडतात. संकटाची खूणही अशीच हिशेबी आहे. मिनिटाला सहा वेळा शिट्टी, ओरड किंवा प्रकाश, मग एक मिनिट थांबणे, मग पुन्हा. उत्तर म्हणून मिनिटाला तीन. ही पद्धत १८९४ पासूनची. आज ऑस्ट्रियात १४० हा डोंगरी मदतीचा फोन आहे, पण खिंडीच्या पलीकडे रेंज गेली की पुन्हा सहाच.

आणि धुके येते. त्सुकरह्युट्ल, हिमनद्या, समोरची अख्खी रांग, सगळे दोन मिनिटांत नाहीसे होते. दिसतो फक्त पुढच्या दगडावर हाताएवढा लाल-पांढरा-लाल पट्टा. कुठल्याशा शाखेच्या स्वयंसेवकाने उन्हाळ्यात डबा आणि ब्रश घेऊन चढून, जुन्या रंगावर नवा हात फिरवलेला. त्या घटकेला ३५०७ मीटरचे शिखर मोठे की चार बोटे रंग मोठा, याचा निवाडा चालणाऱ्याचा पाय करतो. तो रंगाकडे जातो. म्हणून सिद्धांत असा की डोंगर आपली भव्यता आपली आपण सांभाळतो. माणसाने सांभाळायची असते ती बारीकसारीक बाब, आणि ती सांभाळणारे लोक असतील तरच परका माणूस भव्यतेपर्यंत जाऊन रात्रीच्या जेवणाला परत येतो.

फलश्रुती

हा प्रबंध जो श्रद्धेने वाचील, त्याला पाटीपुरुष दहा मिनिटांची सवलत देईल. जो दुसऱ्याला वाचून दाखवील, त्याला फडताळावर एक डावी व एक उजवी सपाता लाभेल. जो त्याचा प्रसार करील, त्याला लागरमध्ये भिंतीकडची गादी मिळेल आणि शेजारी विलंबित लयीचा माणूस मिळेल. जो याची टवाळी करील, त्याची गाठ समेवर न येणाऱ्याशी पडेल, आणि सकाळी त्याचे बूट दुसराच कोणी घालून खाली उतरलेला असेल.