चूलबंद आवतणाला एंटर

शेंदूरजनाघाटच्या लग्नाची निमंत्रणं आता संगणकाच्या काळ्या पडद्यावरून धाडायची म्हणे. आज्ञा टाइप करायची, एंटर दाबायचं. किती जण येणार, हे 'ग्रेप' नावाचा मजकूर शोधणारा प्रोग्राम एका ओळीत मोजून देतो. आचाऱ्याला नेमका आकडा. वा!

या निमंत्रणांमागचं 'आयकॅलेंडर' हे प्रमाण १९९८चं, २००९ मध्ये सुधारलेलं. त्यात पाहुण्याची उत्तरं ठरलेली: येतो, येत नाही, बहुतेक येईन, अजून उत्तर नाही आणि माझ्याऐवजी दुसरा येईल. वऱ्हाडात 'येत नाही' निरुपयोगी. तोंडावर नाही म्हणायला आपण काय पुण्याचे? "येतो ना भाऊ" हेच उत्तर येणाऱ्याचंही, न येणाऱ्याचंही. 'माझ्याऐवजी दुसरा' मात्र अगदी आपलं. मोठा संत्र्याच्या सौद्यात अडकला, की धाकटा आहेराचं पाकीट घेऊन हजर. सोबत चार लेकरं.

खरी पंचाईत पुढेच. वेगळं सांगितलं नाही, तर हे प्रमाण प्रत्येक निमंत्रिताला एकटा माणूस समजतं. इथे आवतण चूलबंद. त्या दिवशी घरात चूल पेटायची नाही, एवढंच मोजमाप. ताटं किती, हे ग्रेपच्या बापालाही सांगता यायचं नाही.

तरी एक मानलं पाहिजे. यजमानाने मुद्दाम मागितलं नाही, तर पाहुण्याकडून उत्तराची अपेक्षाच नाही, असं ते प्रमाण सांगतं. हा नियम लिहिणारा आपल्या वरुड तालुक्यात एखाद्या पंगतीला नक्की बसला असावा. आचारी तर आकडा निमूट ऐकून घेतो आणि वरणासाठी दोन बादल्या पाणी जास्तीचं उकळत ठेवतो.