अभिप्राय आणि सामोसे

टेक मीटअपमध्ये भाषणाचा अभिप्राय शेवटच्या स्लाइडवरच्या क्यूआर कोडने मागवतात. नेमके त्याच वेळी सामोसे येतात. त्यामुळे फॉर्म भरायला उरतात ते वक्त्याचे सहकारी आणि एसीवर चिडलेले दोघे-तिघे. रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये मांडलेली मोजपट्टी पाच पायऱ्यांची. इथे ती वरच्या दोन पायऱ्यांवरच चालते, कारण ओळखीच्या माणसाला चारपेक्षा कमी देणे पुण्यातसुद्धा उद्धटपणाचे मानतात. ‘काय सुधारावे?’ या रकान्यात ‘पार्किंग नाही’ आणि ‘स्लाइड्स मिळतील का?’ एवढेच सापडते. टर्मिनलवरची बारीक अक्षरे मागच्या रांगेला दिसलीच नाहीत, ही तक्रार फॉर्मपर्यंत पोचत नाही. ती जिन्यात होते. सुधारायचेच असेल तर वक्त्याने दहा मिनिटे जिन्यात उभे राहावे.