रस आंबता कामा नये

आमच्या बारडोलीत वाईन मिळत नाही, म्हणून वाईनवर बोलणारे मात्र मुबलक आहेत. जिथे ती कोपऱ्यावर मिळते तिथले लोक मुकाट्याने पितात आणि घरी जाऊन झोपतात. इथे पिण्याची सोय नाही, त्यामुळे सगळा भर चर्चेवर. या चर्चेचं अध्यक्षपद सध्या आमच्या शेजारच्या मोटाभाईंकडे आहे, कारण ते स्पेनला जाऊन आलेत.

मोटाभाईंची मुलगी लंडनला असते. तिने आईवडिलांना स्पेन दाखवला. मोटाभाई तिथली चर्च विसरले, राजवाडे विसरले, पण हेरेथ गावातली गोन्झालेझ बायसची वाईनरी त्यांना सनावळीसकट पाठ आहे. स्थापना 1835. तिथली नावाजलेली शेरी ‘तिओ पेपे’, म्हणजे आपला पेपेमामा. संस्थापकाला शेरीची अक्षरओळख त्याच्या मामाने करून दिली, म्हणून भाच्याने शेरीला मामाचं नाव दिलं. आमच्याकडे मामाचं नाव लग्नपत्रिकेच्या तळाशी बारीक टाइपात येतं, आणि तेही राहून गेलं तर मामा वर्षभर बोलत नाही.

त्या वाईनरीत गोड शेरीचा एक पेला जमिनीवर ठेवलेला असतो आणि त्याला एक इवलीशी शिडी टेकवलेली असते. उंदरांसाठी! उंदीर शिडी चढतात, शेरी पितात आणि उतरतात. शिडीचा फोटो मोटाभाईंच्या फोनमध्ये आहे आणि तो सोसायटीत सर्वांनी पाहिला आहे, आमच्या भजनी मंडळानेसुद्धा. फोटो दाखवून झाला की मोटाभाई एक सुस्कारा सोडतात आणि म्हणतात, “त्यां तो उंदरनेय परमिट नथी जोईती!”

शेरीच्या बाटलीवर साल का नसतं, हेही त्यांनी आम्हाला समजावलं. पिंपांच्या एकावर एक रांगा असतात. बाटली भरायची ती सर्वांत खालच्या रांगेतून, पण पिंप कधीच पूर्ण रिकामं करायचं नाही. जेवढी काढली तेवढी वरच्या रांगेतून भरायची, तिथली तूट तिच्या वरच्या रांगेतून, आणि नवी वाईन अगदी वर. म्हणजे आजच्या पेल्यात थेंबभर तरी पणजोबांच्या काळातलं असतंच. हे ऐकून आम्ही सगळे गंभीर झालो. मोटाभाईंच्या बायकोने, म्हणजे आमच्या भाभींनी, मात्र विचारलं, “कधीच रिकामं करत नाहीत? मग घासतात कधी?” याचं उत्तर मोटाभाईंना हेरेथमध्ये कोणी दिलेलं नव्हतं.

सरदारांच्या गावात ही चर्चा म्हणजे तसा आगाऊपणाच. 1928च्या सत्याग्रहाने बारडोलीचं नाव देशभर झालं, वल्लभभाई ‘सरदार’ झाले ते इथे. पुढे 1930च्या चळवळीत याच सुरत जिल्ह्यात ताडीची झाडं तोडली गेली. स्वराज आश्रमासमोरून जाताना मोटाभाई स्पेनचा विषय अदबीने थांबवतात, आणि आश्रम मागे पडला की जिथे सोडला होता तिथूनच पुन्हा धरतात.

आमच्याकडे चाखण्याजोगं जे आहे ते म्हणजे नीरा. हिवाळ्यात पहाटे ती केंद्रावर मिळते. झाडावर मडकं बांधताना त्याला आतून चुना लावतात, म्हणजे रस आंबत नाही. तरी ऊन चढायच्या आत पिऊन मोकळं व्हावं लागतं, कारण हवेतलं यीस्ट कुणाच्या राज्याचे कायदे मानत नाही. सकाळी सातला जे आरोग्य, ते दुपारी बाराला गुन्हा. स्पेनहून आल्यापासून मोटाभाई नीरेचा ग्लासही आधी उजेडात धरतात, मग गोल फिरवतात, मग त्यात नाक घालतात. नीरावाला दोन दिवस बघत राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. म्हणाला, “काका, माखी छे शुं?”

माझा नवरा या प्रकाराकडे तुच्छतेने बघायचा. तो साखर कारखान्यात केमिस्ट होता. उभी हयात त्याने एकच काम केलं: रस आंबू दिला नाही. ऊस तोडला की चोवीस तासांत गाळला पाहिजे, नाहीतर साखर घटते. रसात चुना घाला, गंधकाचा धूर सोडा, तापवा, आटवा, पण आंबू देऊ नका. गव्हाणीत ऊस शिळा झाला तर याला घरी जेवण जात नसे. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी इडलीचं पीठ रात्रभर बाहेर ठेवलं होतं, तेव्हा हा माणूस पहाटे उठून ते फ्रीजमध्ये ठेवून आला होता. अशा माणसाला घेऊन आम्ही नाशिकला वाईनरी बघायला निघालो.

अर्थात घरातून निघताना कुणी वाईनरीला निघत नाही. निघायचं असतं सप्तशृंगीला. वणीची देवी, जमलं तर त्र्यंबकेश्वर, माझ्या भावाकडे दिंडोरीला मुक्काम, आणि ‘रस्त्यात पडतेच आहे तर’ वाईनरी. व्यारा, उनाई, वघई करत गाडी सापुताऱ्याचा घाट चढते, गुजरात संपतो, आणि हातगडाच्या पायथ्याशी महाराष्ट्र सुरू होतो तो रस्त्याकडेच्या स्ट्रॉबेरीच्या टोपल्यांनी. सीमा ओलांडली की गाडीतले पुरुष उगाचच मोठ्याने बोलायला लागतात.

खरं तर सीमेच्या दोन्ही बाजूंना मूळ कायदा एकच आहे, 1949चा मुंबई दारूबंदी कायदा. 1 मे 1960 ला दोघा भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा वडिलांच्या त्या कायद्याची एकेक प्रत दोघांच्याही वाट्याला आली. गुजरातने आपली प्रत देव्हाऱ्यात ठेवली. महाराष्ट्राने ती कपाटावर ठेवली आणि तिच्यावर पेले मांडले. कागदोपत्री महाराष्ट्रातही दारू प्यायला परवाना लागतो. तो खिशात घेऊन फिरणारा माणूस माझ्या माहेरच्या अख्ख्या गोतावळ्यात नाही. 2022च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय झाला, तेव्हा मात्र ‘वाईन म्हणजे दारू की नाही’ यावर राज्यभर असा कल्लोळ उठला, की बारडोलीकरांनाही आपण एकटे नसल्याचं समाधान मिळालं.

माझा भाऊ दिंडोरी तालुक्यात द्राक्षं पिकवतो. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, आणि वाईनच्या थेंबाला शिवलेला नाही. पण वाईनची द्राक्षं त्यानेही लावली होती. राजीव सामंतांनी अमेरिकेतली नोकरी सोडून आईच्या, सुलभाताईंच्या, नावावरून ‘सुला’ काढली 1999 मध्ये, 2001 मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रियेचं धोरण आणलं, आणि मग नाशिकच्या शेतकऱ्यांना वाईनचं वारं लागलं. ज्याला त्याला शिराज लावायचं होतं. 2008-09 च्या मंदीत मागणी बसली. कितीतरी जणांनी वेली उपटल्या, त्यात भाऊही. आता पुन्हा मांडवावर खायची द्राक्षं. “ती वाईनची द्राक्षं म्हणजे नुसत्या बिया आणि जाड साल,” तो म्हणतो. “पाहुण्याला द्यायची लाज वाटायची.”

आम्ही गेलो ती वाईनरी कोणती ते सांगत नाही. आमच्या वागण्याचा डाग तिला नको. फेब्रुवारीचा महिना, तोडणी जोरात. इथे एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात गोडी छाटणी होते, म्हणून माल उन्हाळ्याच्या तोंडावर येतो. स्पेनमध्ये तो सप्टेंबरच्या आसपास येतो, असं मोटाभाईंनी फाटकावरच्या रखवालदाराला सांगितलं. वाईनरी पंचविशीच्या आतबाहेरची आहे हे कळल्यावर त्यांचा चेहरा उतरला. “मारी दुकान एनाथी जूनी छे,” ते म्हणाले. मी त्यांना सांगितलं की नारायणगावला 1980च्या दशकातच श्यामराव चौगुल्यांनी ‘ओमर खय्याम’ नावाची फेसाळती वाईन काढून परदेशी पाठवली होती. पण 1835 पुढे 1980 म्हणजे परवाच.

माहिती सांगायला निफाडकडचा एक तरतरीत मुलगा होता. त्याने स्टीलच्या उंच टाक्या दाखवल्या. एका टाकीतून नळी निघून पाण्याच्या बादलीत सोडली होती आणि बादलीत बुडबुड चालली होती. नवरा थबकला. वाकला. वास घेतला. कारखान्यातला भोंगा त्याच्या डोक्यात वाजला असावा.

“अहो, हे आंबतंय!”

“हो सर,” मुलगा म्हणाला, “आंबायलाच ठेवलंय.”

यानंतर पाच मिनिटं नवरा कुणाशी बोलला नाही. ज्या संकटाशी आपण पस्तीस गळीत हंगाम झुंजलो, त्या संकटासाठी लोकांनी वातानुकूलित इमारत बांधली आहे, तिला तिकीट लावलं आहे आणि बाहेर लोक सेल्फी काढताहेत, हे पचायला वेळ लागणारच. त्याला शेवटी सावरलं ते गंधकाने. वाईन टिकावी म्हणून तिच्यात सल्फर डायऑक्साइड वापरतात, असं मुलाने सांगितलं मात्र, नवऱ्याने त्याचा हातच धरला. सासरी माहेरचं माणूस भेटावं तसा. मग दोघांचं ब्रिक्सवर, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापावर, सुरू झालं. उसाच्या रसाचा ब्रिक्स अठरा-वीस, यांच्या द्राक्षाचा तेवीस. लिटरला सतरा ग्रॅम साखर गेली की एक टक्का अल्कोहोल येतं, असा हिशेब. नवऱ्याने डोळे मिटून आकडेमोड केली, “साडेतेरा,” म्हणाला, आणि बाटलीवर साडेतेराच होतं. मोटाभाईंना हे आवडलं नाही. स्पेनमध्ये कुणी गणितं घालत नाही.

चाखण्याच्या टेबलापाशी आम्ही बसलो तेव्हा भाभींनी पहिला प्रश्न विचारला, “वेज छे ने?” प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. वाईन निवळायला पूर्वापार अंड्याचा पांढरा बलक वापरतात. हेरेथमध्ये तर उरलेल्या पिवळ्या बलकांचं काय करायचं म्हणून तिथल्या जोगिणींनी त्याची मिठाई काढली. स्पेनमध्ये ती मिठाई मोटाभाईंनी दोनदा मागून खाल्ली होती. ती कशाची हे भाभींना इथे, नाशिकमध्ये, पोराच्या तोंडून कळलं. “आमची बेंटोनाइट मातीने निवळतात,” पोरगा घाईघाईने म्हणाला, पण भाभींचं लक्ष आता मातीकडे नव्हतं.

पहिली आली सोव्हिनियॉं ब्लांक. हिच्यात ताज्या कापलेल्या गवताचा वास येतो म्हणे. भाऊ नुसता सोबतीला बसला होता, तरी त्याला राहवेना. “गवताच्या वासाला एवढे पैसे? गोठ्यात या, फुकट देतो.” दुसरीत स्ट्रॉबेरी होती. ती मात्र आम्हा सर्वांना लगेच सापडली, कारण तासाभरापूर्वीच बोरगावला मीठ लावून पावशेर खाल्ली होती. तांबड्या शिराजमध्ये मिरी, धूर आणि चामडं. मोटाभाईंनी डोळे मिटून मान डोलावली, “एवुं ज, स्पेनमां पण एवुं ज.” थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, हे सांगितल्यावर भाभी उसळल्या. “पैसा आपीने थूंकवानुं?” आणि एरवी चहासुद्धा अर्धा टाकणाऱ्या भाभींनी शेवटच्या थेंबापर्यंत पैसे वसूल केले.

सोबत काय खावं याचा एक इंग्रजी तक्ता होता, त्यात निळं चीज वगैरे. आम्ही बाहेरच्या झाडाखाली बसून बारडोलीची पात्रां, म्हणजे आपल्या अळूवड्या, थेपले आणि कैरीचा गोड छुंदो काढला. माझं मत विचाराल तर शेनिन ब्लांक नावाची जी किंचित गोडसर पांढरी असते, ती पात्रांबरोबर अशी जमते की तक्त्यावर लिहायला हवं. शिराज आणि छुंदो मात्र एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मिरी, धूर, चामडं सगळं पळून जातं आणि मागे उरतो तो नुसता तुरटपणा. त्या मुलालाही मी एक पात्रं दिलं. त्याने ते तांबडीबरोबर खाल्लं आणि कामाच्या वेळेत असल्यामुळे मत दिलं नाही.

रात्री मुक्काम भावाकडे. बाटल्या गुजरातेत नेणं म्हणजे थेट गुन्हा, त्यामुळे मोटाभाईंनी हौसेने घेतलेल्या तीन बाटल्या भावाच्या घरी, फवारणीच्या औषधांच्या कपाटात, कुलूप लावून ठेवल्या. भावाच्या त्या कपाटात सुरत, नवसारी, व्यारा अशा निरनिराळ्या पाहुण्यांच्या बाटल्या आधीपासून होत्या, प्रत्येकीवर मालकाच्या गावाची चिठ्ठी. माळकरी माणूस, घरात एवढा साठा, आणि वहिनी दर दिवाळीला त्या पुसून ठेवतात.

दुसऱ्या दिवशी देवीचं दर्शन झालं, आणि संध्याकाळी सापुताऱ्याच्या नाक्यावर गाडी अडवली. शिपायाने डिकी उघडायला लावली. बेदाण्यांचं खोकं, नाशिकचा चिवडा, देवीची ओटी, कुंकू. त्याने खोकं हलवून पाहिलं, थेपल्यांचा रिकामा डबा हुंगला, मग चौघांचे चेहरे न्याहाळले.

“वाईनरी गया’ता?”

गाडीत कुणी श्वास घेईना. भाभींनी देवीचा अंगारा पुढे केला. शेवटी नवराच म्हणाला, “हा, काल. फक्त पाहायला.”

शिपायाने इकडेतिकडे पाहिलं, खिडकीशी वाकला आणि आवाज खाली आणून विचारलं, “व्हाइट केटली ठंडी राखवानी, साहेब?”

“आठ ते दहा डिग्री,” नवरा म्हणाला, आणि गिअर टाकणार तेवढ्यात मागचं दार उघडून मोटाभाई फोन हातात घेऊन खाली उतरले. शिडीचा फोटो त्यांनी शोधूनच ठेवला होता. आमच्या मागे तीन गाड्या आणि एक उसाचा ट्रक उभा होता, आणि नवरा सारखा आरशातून त्या ट्रककडे बघत होता. ऊस तोडून किती तास झाले असतील, असं त्याने मला दोनदा विचारलं.