कामचुकार पेशींना मागणी

गोऱ्या माणसाच्या कातडीत रंग बनवणाऱ्या पेशी कमी असतात, असा सर्वांचा समज. तो खोटा आहे. मेलॅनोसाइट नावाच्या या पेशी नॉर्वेच्या माणसात जवळपास तेवढ्याच, जेवढ्या नायजेरियाच्या. फरक कामाच्या उरकात. सावळ्यांच्या पेशी मेलॅनिन भरपूर बनवतात आणि त्याचे दाणे शेजारच्या पेशींना इमानेइतबारे वाटतात. तिथे हे दाणे पेशीकेंद्रावर छत्रीसारखे उभे राहतात. अतिनील किरणांपासून डीएनए वाचतो. उन्हात नासणारं फोलेटही वाचतं, जे कमी पडलं तर गर्भाच्या मणक्याची घडण बिघडते. गोऱ्यांच्या पेशी हीच कामं सवडीने करतात.

उत्तर युरोपात ही सुस्ती सोयीचीच. ऊन बेताचं, आणि ड जीवनसत्त्वासाठी थोडं तरी आत यायला हवं. तीच कातडी घेऊन लोक ऑस्ट्रेलियात गेले, आणि त्वचेच्या कर्करोगात तो देश जगाच्या पुढे गेला.

आपण मात्र विदर्भाच्या उन्हात घाम पुसत स्थळाची जाहिरात देतो : ‘गोरी, गृहकृत्यदक्ष’. म्हणजे सून पहाटे पाचला उठणारी हवी, तिच्या पेशी तेवढ्या कामचुकार हव्यात. नसल्या तर त्यांना नारळ द्यायची सोय बाजारात आहे. मेलॅनिन बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला तांबं लागतं. तांब्याची जागा काही क्रीममधल्या पाऱ्याने बळकावली की काम ठप्प, चेहरा उजळ! पारा मात्र गालावर थांबत नाही, मूत्रपिंडापर्यंत जातो. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंड बिघडलेल्या रुग्णांच्या आजाराचं कारण डॉक्टरांना २०२३ मध्ये सापडलं, ते क्रीमच्या डबीत. सौंदर्यप्रसाधनांत पारा घालायला बंदी आहे. म्हणून तर डबीवर त्याचं नाव नसतं.

२०२० मध्ये देशातल्या सर्वांत प्रसिद्ध क्रीमने नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. गिऱ्हाईक काय समजायचं ते समजलं. वधूवर सूचक मंडळाच्या फॉर्मवर वर्णाचा रकाना आजही आहे : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. तो काढवत नसेल, तर शेजारी मूत्रपिंडाच्या तपासणीचा आणखी एक रकाना वाढवा : क्रिएटिनिन.