शेंद्र्यातलं ध्यान

आमच्या घरात ‘ध्यान’ हा शब्द बरीच वर्षं एकाच अर्थाने चालत होता. मी रविवारी सकाळी बनियनवर, दाढी न करता, चष्मा शोधत बाहेरच्या खोलीत आलो की बायको म्हणायची, ‘‘आलं ध्यान.’’ दुसरा अर्थ घरात शिरला तो डॉक्टरांमुळे. त्यांनी दंडाला पट्टा गुंडाळला, रबरी फुगा दाबला, आकडा पाहिला, एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, ‘‘मन शांत ठेवा.’’ गोळी नाश्त्यानंतर घ्यायची, हे चिठ्ठीवर होतं. मनाचं काय करायचं, ते नव्हतं.

म्हणून मी इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आलो. तिथे कोणाशी अवाक्षर बोलायचं नसतं, असं घरी सांगितलं तेव्हा बायकोने विचारलं, ‘‘वीस दिवसांचं नसतं का?’’ (असतं. जुन्या साधकांसाठी असतं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

सत्यनारायण गोयंका १९६९ साली ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन भारतात आले आणि १९७६ पासून धम्मगिरीवर शिबिरं भरू लागली. पहाटे चारला घंटा. साडेचारला बैठक. जेवण अकराला. संध्याकाळी पाचला चहा आणि थोडंसं काहीतरी, त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशीचा नाश्ता. फी नाही, शेवटी द्यावंसं वाटलं तर दान. पहिले तीन दिवस काम एकच: श्वास येतो कसा, जातो कसा, ते नाकापाशी लक्ष ठेवून बघायचं. ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या दिवशी मी सलग बघितलेले श्वास भरले चार. पाचव्याला मला शिडी आठवली. १९८७ साली शेजाऱ्यांनी आमची बांबूची शिडी नेली होती. त्यांनी ती परत केली का? केली असेल तर आता कुठे आहे? केली नसेल तर वडील गप्प कसे बसले? या शिडीवर माझे दोन दिवस गेले. आजूबाजूचे साधक बुद्धाच्या वाटेने चालले होते आणि मी शेजाऱ्यांच्या माळ्यावर चढून शिडी शोधत होतो.

चौथ्या दिवसापासून अधिष्ठान. म्हणजे तासभर हात, पाय, डोळे हलवायचे नाहीत. माझा उजवा गुडघा अठराव्या मिनिटाला बोलायला लागला. मौन काय ते तोंडाला होतं. पण खोटं कशाला सांगू, नवव्या दिवशी दुपारी दहाएक मिनिटं अशी गेली की शिडी आली नाही, गुडघा आला नाही, मीही फारसा आलो नाही. त्या दहा मिनिटांच्या जोरावर मी घरी परतलो.

शिबिरातून निघताना सांगतात की रोज सकाळी एक तास आणि संध्याकाळी एक तास बसा. पुण्यात सकाळच्या तासाला सोसायटीचा पंप चालू होतो आणि संध्याकाळच्या तासाला वरच्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकतो. आठवडाभरात माझा श्वास त्रितालात चालायला लागला. तेव्हा साडूचा फोन आला. तो शेंद्र्याच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत आहे. ‘‘साडूभाऊ, इकडं या ना. आमच्या गच्चीवर बसा. रविवारी इथं एवढी शांतता असती की कुत्रं रस्त्याच्या मधोमध झोपतं.’’ दोन साडू एकमेकांना परिस्थिती आहे तशी कधीच सांगत नाहीत, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं.

चैत्र लागला होता. मी एका पिशवीत कपडे आणि एका पिशवीत ध्यानाचं आसन घेऊन वाकडेवाडीला एसटीत बसलो. आसन लोकरीचं, कडेला गोंडे असलेलं, बायकोच्या भिशीच्या भांड्यांहून महाग.

नेवासा फाट्यावर गाडी थांबली. इथून गाव जवळच. तिथे पैस खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली. सहावा अध्याय ध्यानाचा, आणि त्यातच अर्जुन तक्रार करतो की मन आवरणं म्हणजे वारा आवरण्यासारखं आहे. मला अर्जुनाबद्दल एकदम घरचा माणूस असल्यासारखी आपुलकी वाटली. मीही टेकलो होतो, खिडकीच्या गजाला. शेजारचे गृहस्थ मोबाइलवर विनोदी कीर्तन ऐकत होते आणि प्रत्येक विनोदाला माझ्या मांडीवर थाप मारत होते. उजव्याच.

संभाजीनगरला उतरलो आणि शेंद्र्यासाठी काळी-पिवळीत बसलो. जालना रोड म्हणजे या शहराने पूर्वेकडे मारलेली लांबलचक रेघ. क्रांती चौक, सेव्हन हिल, सिडको, मुकुंदवाडी, चिकलठाण्याचं विमानतळ आणि मग केंब्रिज. केंब्रिजला पोचण्यासाठी लोकांची आयुष्यं जातात. इथे तो एक चौक आहे आणि काळी-पिवळीवाला ‘‘केंब्रिज, शेंद्रा, करमाड!’’ असं ओरडत मागचं दार हाताने धरून माणसं आत कोंबतो. हाच रस्ता पुढे जालन्याला जातो. त्या जिल्ह्यातल्या जांबेत रामदास स्वामी जन्मले आणि त्यांनी मनाला २०५ श्लोक ऐकवले. एवढे ऐकवावे लागले, यातच मनाचा स्वभाव आला.

माझ्या समोरच्या बाकावर एक आजी, दोन सुना, चार पोरं आणि खाली सगळ्यांच्या पायांत एक बोकड. काळा, कपाळावर पांढरा टिळा, गळ्यात झेंडूची माळ. त्याचे पिवळे डोळे अर्धवट मिटलेले होते. चाक खड्ड्यात गेलं की आम्ही सगळे किंचाळायचो, तो नाही. इगतपुरीला एवढी स्थिर बैठक मी फक्त शेवटच्या रांगेतल्या एका जुन्या साधकाची पाहिली होती.

‘‘कुठं चालले, दादा?’’ आजींनी विचारलं.

‘‘शेंद्र्याला. ध्यानाला बसायला.’’

‘‘नवस हाय?’’

‘‘नाही. मन शांत व्हावं म्हणून.’’

आजींनी पदर सावरला आणि आवाज खाली आणला. ‘‘घरात कोन वारलं का?’’

त्यांचा स्वतःचा नवस मांगीरबाबाचा होता. शेंद्र्याला चैत्रात मांगीरबाबाची मोठी यात्रा भरते. नवस फेडायला पाठीत गळ टोचून घेण्याच्या प्रथेमुळे तिचं नाव पेपरात येतं आणि त्या प्रथेवर टीकाही होते. आजींना ती टीका ठाऊक होती आणि त्यावर त्यांचं मतही होतं, पण त्या ते सांगणार एवढ्यात मला मांडीजवळ ओढ जाणवली. बोकडाने पिशवीतून आसनाची कड बाहेर काढली होती आणि तो गोंडे खात होता. एकेक गोंडा, सावकाश, प्रत्येक घास नीट चावून. आहाराची अशी सजगता मला दहा दिवसांत साधली नव्हती.

मी ‘हट्, हट्’ केलं. पिशवी ओढली. त्याने दुसऱ्या बाजूने ओढली. आजी म्हणाल्या, ‘‘खाऊ द्या, दादा. आजच्याच दिवस हाय त्याला.’’

यावर माणूस काय बोलणार? मी आसनाची दुसरी कड त्याच्याकडे केली.

पैठण इथून फार लांब नाही. तिथे एकनाथ महाराजांच्या अंगावर एक माणूस थुंकत राहिला आणि नाथ दर वेळी पुन्हा गोदावरीत स्नान करून आले, १०८ वेळा, न रागावता, अशी गोष्ट सांगतात. माझे गेले सव्वीस गोंडे. मी मोजले. नाथांनी मोजले नसणार. मोजणारे दुसरे कोणीतरी असतील.

साडूचं घर शेंद्र्याला लागून कुंभेफळात. दोन खोल्या, वर गच्ची, गच्चीवर काळी टाकी आणि टाकीच्या सावलीत मला नेमून दिलेली जागा. रविवार होता. कंपन्यांचे रस्ते खरंच ओस होते आणि रस्त्याच्या मधोमध कुत्रं खरंच झोपलं होतं. पण यात्रेचे भोंगे होते. एका भोंग्यावर हरवलेल्या मुलाचं वर्णन, दुसऱ्यावर गाणं, तिसऱ्यावर फक्त ‘‘हॅलो, हॅलो, चेक’’. दोन तासांत माझा श्वास कसा येतो-जातो हे मला कळलं नाही. मुलाने निळा शर्ट घातलाय आणि त्याच्या हातात भिंगरी आहे, हे पाठ झालं. पावणेसहाला तो सापडला. मला इतका आनंद झाला की मी डोळे उघडून टाळी वाजवली. खालून मेव्हणीने विचारलं, ‘‘झालं का, भाऊजी?’’

दुसऱ्या दिवशी सकाळी बसून नाही तर चालून बघू म्हटलं. बौद्ध भिक्खूंचं चंक्रमण असतं, पावलावर लक्ष ठेवून हळूहळू चालायचं. त्यासाठी ऑरिकइतकी छान जागा नाही. शेंद्रा आणि बिडकीन मिळून ही नवी औद्योगिक नगरी आखली आहे. तिच्या ऑरिक हॉलचं उद्घाटन पंतप्रधानांनी ७ सप्टेंबर २०१९ रोजी केलं. रस्ते असे रुंद की पलीकडच्या माणसाला हाक मारायची तर फोन करावा लागेल. मी हात मागे बांधून निघालो. उचललं, पुढे नेलं, टेकवलं. उचललं, पुढे नेलं, टेकवलं. शंभर पावलांना दहा मिनिटं. शिट्टी वाजली. एका फाटकावरचा रखवालदार धावत आला.

‘‘काय हरवलं का?’’

‘‘नाही.’’

‘‘पाय दुखतो?’’

‘‘नाही. चालतोय.’’

‘‘कुठं जायचंय पण?’’

‘‘कुठंच नाही.’’

तो जरा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग त्याच्या खुर्चीवर त्याने मला बसवलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘‘घरचा नंबर पाठ आहे का?’’ साडू मोटरसायकलवर येऊन मला घेऊन गेला.

वाटेत टपरीवर कट चहा घेताना मी वैतागून म्हणालो, ‘‘माझं मन काही शांत होत नाही.’’ साडू रात्रपाळी करून आलेला, डोळे लाल. तो मिलिंद कॉलेजचा विद्यार्थी. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली काढलेलं कॉलेज. त्या परिसराला नागसेनवन म्हणतात आणि मिलिंद राजा नि भिक्खू नागसेन यांचा संवाद तिथल्या पोराला यावाच लागतो. साडूने बशी खाली ठेवली.

‘‘आमच्या इथं २००१ पासून स्कोडाच्या गाड्या जोडतात. सुटे भाग पेट्यांत येतात. बरोबर? आता सांगा, चाक म्हणजे गाडी का?’’

‘‘नाही.’’

‘‘इंजिन?’’

‘‘नाही.’’

‘‘दार? काच? मी बनवतो ती ब्रॅकेट?’’

‘‘नाही, नाही, नाही.’’

‘‘मग सगळ्या पेट्या एका ठिकाणी रचल्या, झाली का गाडी?’’

‘‘नाही.’’

‘‘मग गाडी कुठंय?’’

मी गप्प. टपरीवाला पण गप्प. त्याने गॅस बारीक केला.

‘‘नागसेनाने राजाला हेच विचारलं, रथावरून. राजा म्हणाला, सगळे भाग जुळून आले की आपण त्याला रथ म्हणतो, एवढंच. नागसेन म्हणाला, माणसाचंही तसंच आहे. आता तुम्ही सांगा, साडूभाऊ. गुडघा दुखतो, तो मन का? शिडी आठवती, ती मन का? बोकडाने गोंडे खाल्ले त्याचा राग, तो मन का?’’

‘‘मग हे टेन्शन आहे कोणाला?’’

साडूने बराच विचार केला. ‘‘ते ताईंना विचारा,’’ म्हणाला. ताई म्हणजे माझी बायको. मिलिंदपन्हातला एकही प्रश्न नागसेनाने असा दुसऱ्याकडे टोलवला नसेल.

घरी आल्यावर मी गच्चीवर आसन टाकलं. गोंडे गेल्यामुळे ते आता पोत्यासारखं दिसत होतं. साडू मागोमाग आला. ‘‘बघू तरी, काय करता तुम्ही,’’ म्हणत माझ्या डाव्या बाजूला मांडी घालून बसला. मी सांगितलं, पाठ ताठ, डोळे मिटा, श्वास बघा. त्याने पाठ ताठ केली, डोळे मिटले. मीही मिटले.

दोन मिनिटांत त्याचा श्वास इतका लांब, इतका संथ झाला की मला हेवा वाटला. दहा दिवसांचं शिबिर नाही, गोंड्यांचं आसन नाही, आणि हा माणूस पहिल्याच बैठकीत कुठे पोचला! मी एक डोळा किलकिला करून पाहिलं. पाठ ताठ, चेहरा प्रसन्न, तोंड किंचित उघडं. वीस वर्षं रात्रपाळी केलेला माणूस बसल्या बसल्या झोपू शकतो, एवढंच.

मग तो कलला. माझ्या डाव्या खांद्यावर अख्खा साडू आला. पलीकडे गच्चीला कठडा नव्हता, नुसत्या सळया. मी हललो तर तो जागा होईल किंवा कलंडेल. रात्रभर मशीनपुढे उभा होता बिचारा, वर मला आणायला मोटरसायकल घेऊन आला होता. मी हात हलवला नाही. पाय हलवला नाही. अठराव्या मिनिटाला गुडघा बोलायला लागला, त्याला म्हटलं, जरा थांब. खाली रस्त्यावर एक ट्रक गाणं वाजवत मागे आला, पुढे गेला, पुन्हा मागे आला. टाकीची सावली माझ्या पायावरून सरकून साडूच्या पायावर गेली. पहिल्या पाळीच्या बस सुटून परत आल्या आणि त्यांतून उतरलेल्यांचे आवाज गल्लीत विरून गेले.

मेव्हणी जिन्यावरून चहाचे दोन कप घेऊन वर आली. दोघांकडे पाहून दारातच थांबली.

‘‘अगंबाई,’’ ती हळूच म्हणाली, ‘‘यातलं ध्यान कुणाचं लागलंय?’’

साडू जागा होईल म्हणून मी उत्तर दिलं नाही. नुसत्या डोळ्यांनी खूण केली की माझा चहा खाली टेकव.